होल्गर ड्राकमान: समुद्र रंगवायला शिकला आणि कवी झाला

उत्तरा

डेन्मार्कमध्ये 23 जूनच्या संध्याकाळी समुद्रकाठी, तळ्याकाठी, गावाच्या मैदानात मोठाले जाळ पेटतात. सांक्ट हान्सची रात्र. जाळावर बहुतेक ठिकाणी चिंध्यांची चेटकीण ठेवलेली असते. कुणीतरी भाषण करतं आणि मग सगळे मिळून एक गाणं म्हणतात. 'आमचं या भूमीवर प्रेम आहे, पण सगळ्यांत जास्त ऐन उन्हाळ्यात' अशी काहीशी त्यातली ओळ. हे गाणं होल्गर ड्राकमानचं. 1885 साली त्याने लिहिलेल्या एका परीकथा-नाटकातलं. नाटक 1887 मध्ये कोपनहेगनच्या रॉयल थिएटरात रंगमंचावर आलं, संगीत पी. ई. लांगे-म्युलरचं.

मी गेली काही वर्षं डेन्मार्कमध्ये ओरहुसला राहते. इथे कुणालाही विचारा, ड्राकमान म्हटलं की हे गाणं आणि फार तर त्याची वाळूतली कबर, यापलीकडे गाडी जात नाही. मला हे फार लागतं. कारण माणूस मुळात चित्रकार. 1846 चा जन्म, 1866 ते 1870 कोपनहेगनच्या कला अकादमीत शिक्षण, सागरी चित्रांचे मोठे चित्रकार सी. एफ. सोरेन्सेन यांच्या हाताखाली तयार झालेला. 1871 मध्ये लंडनला गेला. त्याच वर्षी पॅरिसमधलं कम्यून, म्हणजे तिथल्या बंडखोरांनी स्थापलेली सत्ता, चिरडलं गेलं होतं, आणि लंडनमधल्या कामगारांचं जगणं त्याने डोळ्यांनी पाहिलं. तिथून 'इंग्लिश सोशालिस्ट' ही कविता आली. गेओर्ग ब्रांडेस या समीक्षकाने त्याला उचलून धरलं, 1872 मध्ये पहिला कवितासंग्रह निघाला, आणि पुढे माणूस कवी म्हणूनच ओळखला गेला.

माझा प्रश्न असा: त्याने चित्रकला सोडली असं म्हणायचं, की तीच त्याच्या कवितेत शिरली? माझं मत दुसऱ्या बाजूला आहे. 1877 च्या 'समुद्रकाठची गाणी' या संग्रहातला समुद्र उपमेसाठी आणलेला नाही. तो रोज बघितलेला, रंगवून बघितलेला समुद्र आहे. तुम्हाला काय वाटतं? डॅनिश येत नसलं तरी चालेल, कवी-चित्रकार हा विषय आपल्यालाही जवळचाच.

शाईवाला

वाचनखूण साठवली. सविस्तर लिहितो रात्री.

पारिजातक

उत्तरा, किती छान विषय! ती चेटकीण का जाळतात गं? गाण्यात आहे का तसं काही?

उत्तरा

पारिजातक, गाण्यात जाळण्याबद्दल नाही. 'प्रत्येक गावाला आपली चेटकीण आणि प्रत्येक पॅरिशला (चर्चच्या परगण्याला) आपले ट्रोल (राक्षस) असतात, त्यांना आपण आनंदाच्या जाळांनी लांब ठेवू' असं एका कडव्यात आहे. जाळावर बाहुली ठेवायची पद्धत त्यानंतरची. ती चेटकीण तिथून उडून जर्मनीतल्या ब्लॉक्सबर्ग डोंगरावर जाते असं मुलांना सांगतात. आणि त्याच कडव्यात आधी हातात तलवार घेऊन शत्रूला तयार राहायचं म्हटलंय, तर शेवटी 'आम्हाला इथे शांतता हवी'. एकाच कडव्यात दोन्ही. ड्राकमान पुरता असाच होता.

रानवारा

शुबिदुआ नावाच्या रॉक बँडने 1980 च्या सुमाराला याच गाण्याला नवी चाल दिली होती ना? आमच्या ऑफिसातले डॅनिश सहकारी दरवर्षी त्यावर भांडतात. अर्धे म्हणतात जुनी चाल, अर्धे म्हणतात नवी. मग दोन्ही म्हणून होतात आणि तोवर जाळ विझत आलेला असतो.

उत्तरा

हो रानवारा, तीच ती. सगळीकडे हाच वाद!

कोळीवाडा

विषय चांगला आहे, पण एक बोलून टाकतो. आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी. शहरातून आलेल्या कवींना समुद्र भारी आवडतो. उधाण आलं की त्यांना ओळी सुचतात, आम्हाला मात्र होडी वर ओढायची घाई असते. ड्राकमान ज्यांच्यात वावरला त्या स्कागेन गावच्या चित्रकारांची चित्रं मी नेटवर पाहिली. उजेड सुंदर, बायकांचे पांढरे कपडे सुंदर. पण ज्या गावात हे लोक येऊन राहिले तिथल्या कोळ्यांना या माणसाने काय दिलं? चित्रकला कवितेत शिरली की कविता चित्रात, यापेक्षा मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

पारिजातक

कोळीवाडा, मुद्दा बरोबर आहे. पण सगळ्याच कलावंतांना हाच निकष लावायचा का?

कोळीवाडा

सगळ्यांना नाही लावत. जो समुद्राचा कवी म्हणवतो त्याला लावतो.

शाईवाला

कोळीवाडा, तुमच्या प्रश्नाला ड्राकमानच्या बाबतीत नेमकं उत्तर आहे, आणि माझ्या मते त्याने लिहिलेल्या सगळ्यांत तेच मोलाचं आहे.

स्कागेन म्हणजे डेन्मार्कच्या युटलंड द्वीपकल्पाचं अगदी उत्तरेचं टोक. तिथे स्कागेराक आणि कॅटेगाट हे दोन समुद्र भेटतात. त्या टोकाजवळच्या वाळूत जहाजं रुतून फुटायची. रेल्वे तिथे पोचली 1890 मध्ये, पक्कं बंदर झालं 1907 मध्ये. त्याआधी होड्या थेट किनाऱ्यावरून पाण्यात लोटायच्या आणि परत वाळूवर ओढायच्या. 1862 च्या डिसेंबरात, नाताळ होऊन दोन दिवस झाले असताना, 'डाफ्ने' नावाचं स्वीडिश जहाज तिथे फुटलं. त्यातल्या खलाशांना वाचवायला गेलेले आठ स्कागेनकर बुडाले. त्या बचावकार्यातलं एक मोठं नाव म्हणजे लार्स क्रुसे हा कोळी. त्याने आयुष्यभर बुडत्या जहाजांवरची माणसं काढली. पण सरकारी मानचिन्ह द्यायची वेळ आली तेव्हा फुटक्या जहाजावरचा माल उचलल्याचा जुना ठपका पुढे करून ते त्याला नाकारलं गेलं.

ड्राकमानने 1879 मध्ये 'लार्स क्रुसे' हे छोटं पुस्तक लिहिलं. कादंबरी नाही, जिवंत माणसाचं चरित्र. किनाऱ्यावरच्या गरीब माणसाने वाळूत सापडलेलं लाकूड उचललं तर तो चोर, आणि त्याच माणसाने रात्री होडी घालून परक्या देशाचे खलाशी आणले त्याचं काहीच नाही, हे त्याने राजधानीतल्या वाचकांच्या तोंडावर मांडलं. त्यानंतर क्रुसेला ते मानचिन्ह मिळालं. 1894 मध्ये क्रुसे स्वतः समुद्रातच गेला. स्कागेनचा चित्रकार मिखाएल आंकर याचं 'बुडालेला माणूस' हे 1896 चं चित्र त्याच्यावरूनच आहे. टेबलावर निजवलेला देह, भोवती गावचे कोळी.

आता सांगा, काही दिलं की नाही?

कोळीवाडा

हे माहीत नव्हतं. लाकडाचा मुद्दा वाचून अंगावर काटा आला, कारण वादळानंतर किनाऱ्याला लागलेल्या फळ्यांवरून आमच्याकडे आजोबांच्या काळात पोलिसांपर्यंत प्रकरणं गेल्याचं ऐकलंय. पुस्तक इंग्रजीत मिळतं का?

मुक्ता_वाचते

शाईवाला, सुरेख लिहिलंत. पण मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. क्रुसेला न्याय मिळवून देणारा हा माणूस घरातल्या बायकांशी कसा वागला तेही बघू या. 1871 मध्ये विल्हेल्मीना एरिक्सेनशी लग्न, ते मोडलं. मग पॉली थाल्बिट्झर ही विवाहित बाई, तिच्यापासून मुलगी. मग लग्न केलं ते पॉलीच्या बहिणीशी, एमीशी, 1879 मध्ये. एमीबरोबर संसार आणि मुलं असताना 1887 च्या सुमाराला अमांडा निल्सन ही व्हरायटी थिएटरात गाणारी मुलगी आयुष्यात आली. तिला कवितेत 'एडिथ' केलं. मग 1903 मध्ये नॉर्वेच्या सोफी लासोनशी तिसरं लग्न. प्रत्येक वेळी कविता चांगल्या झाल्या असतील, पण मागे राहिलेल्यांचं काय?

आणि याच घरातली दुसरी व्यक्ती आपल्या बोलण्यात येत नाही: त्याची मोठी बहीण एर्ना युएल-हान्सेन. भाऊ लंडनला गेला त्याच 1871 साली तिने नवऱ्याबरोबर कोपनहेगनमध्ये फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या पद्धतीची बालवाडी काढली, त्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या बालवाड्यांपैकी. पुढे मुलींसाठी व्यायामाचे वर्ग चालवले, बायकांच्या आयुष्यावर कादंबऱ्या लिहिल्या. भावाच्या नावाचं म्युझियम आहे, बहिणीचं नाव अभ्यासकांपुरतं उरलं. त्या काळी मुलींना कोपनहेगनच्या कला अकादमीत प्रवेशसुद्धा नव्हता, तो 1888 मध्ये मिळाला. म्हणजे 'चित्रकार व्हायचं की कवी' हा पेच भावापुढे होता, बहिणीला तो पडायची सोयच नव्हती.

पारिजातक

मुक्ता, +१. एर्नावर वेगळा धागा काढ ना.

रानवारा

ड्राकमानच्या सोयरिकींसाठी धाग्याला वंशावळ जोडावी लागेल. पहिल्यांदा ज्याच्याबरोबर तो स्कागेनला गेला तो नॉर्वेजियन चित्रकार फ्रिट्स थाउलो. तिसऱ्या लग्नानंतर दोघे साडू झाले, कारण थाउलोची बायको अलेक्झांड्रा ही सोफीची बहीण. आणखी एक बहीण ओडा, तीही चित्रकार, चित्रकार क्रिस्तियान क्रोगची बायको. आमच्या आजीला हे सगळं दोन मिनिटांत पाठ झालं असतं.

मुक्ता_वाचते

रानवारा, आजींना धाग्यावर बोलवा!

जुनाजाणता

बायकांचा विषय गंभीर आहेच, पण मला त्याच्या राजकीय कोलांट्याही खटकतात. 1872 ला समाजवादाची गाणी. 1877 ला, 1864 च्या प्रशिया-ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धातल्या पराभवाच्या रणभूमीवर फिरून 'सीमेपलीकडून' लिहिलं, ते देशप्रेमाने इतकं भारलेलं की घराघरात पोचलं. ब्रांडेसने 1883 मध्ये आधुनिक लेखकांवर पुस्तक लिहिलं, त्यात ड्राकमानला मानाचं पान, आणि हा त्याच सुमाराला ब्रांडेसच्या गोटातून बाहेर पडून जुन्या मूल्यांचा कैवारी. 1890 च्या आसपास पुन्हा बंडखोर. ज्याचं एक मत दहा वर्षं टिकत नाही त्याच्या कवितेवर विश्वास कसा ठेवायचा?

शाईवाला

जुनाजाणता, आदर ठेवून असहमत. त्याने हे लपवलं नाही. 1890 च्या 'फोरस्क्रेवेट' या मोठ्या कादंबरीत दोन नायक उभे केले, दोघेही कलावंत आणि दोघेही तोच. स्वतःची दोन माणसं करून त्यांना पानोपानी भांडू दिलं. ज्याला स्वतःतली फाट दिसते आणि जो ती झाकत नाही, त्याच्यावर मी जास्त विश्वास ठेवीन.

जुनाजाणता

फाट दिसणं वेगळं, आणि फाटेच्या दोन्ही बाजूंनी टाळ्या घेणं वेगळं. मी माझ्या मतावर ठाम आहे. पण कादंबरीचं सांगितलंत ते बरं झालं, शोधतो.

गंधार

कविता संगीतातून भेटली तर वाद जरा बाजूला राहतात. नॉर्वेचा संगीतकार एडवर्ड ग्रीग आणि ड्राकमान 1886 मध्ये नॉर्वेच्या योटुनहाइमेन डोंगरांत एकत्र भटकले. त्यातून ग्रीगचं ओपस 44 आलं, डोंगर आणि फ्योर्डच्या आठवणींची गाणी. पुढे ओपस 49 मध्ये पुन्हा सहा कविता ड्राकमानच्याच. ओपस 44 मधली बरीचशी गाणी म्हणजे वाटेत भेटलेल्या एकेका मुलीचं नाव, आणि मागेपुढे डोंगराची नि समुद्राची चौकट. मुक्ताताईंचा मुद्दा इथेही खरा ठरतो म्हणा. पण स्वर ऐका. शब्दांचे आघात इतके गाते आहेत की भाषा न कळताही पियानोवरचा हात कुठे थांबणार ते कळतं.

देवनागर

एवढ्या प्रतिसादांत कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. ड्राकमानची एक कविता आहे, तिचं नाव 'शकुंतला'. कालिदासाची तीच!

कालिदासाचं नाटक 1789 मध्ये विल्यम जोन्सने इंग्रजीत नेलं, 1791 मध्ये फोर्स्टरने जर्मनमध्ये, आणि डॅनिशमध्ये मार्टिन हामेरिकने 1845 मध्ये आणलं, म्हणजे ड्राकमानच्या जन्माच्या आदल्या वर्षी. तरुण डॅनिश कवीच्या हाती ते पडलं आणि त्याने जी कविता लिहिली तिची सुरुवात अशी: ओढीने मला झोप लागत नाही, फुलांचा वारा अंगावर येतो. आणि मग नुसती हाक, शकुंतला, शकुंतला. कथा नाही, दुष्यंताची अंगठी नाही, शाप नाही. एका थंड देशातल्या खिडकीपाशी जागणारा पोरगा आणि एक नाव. कालिदास शिकवताना मी वर्गात हे सांगतो. चौथ्या अंकाबद्दल इतकं बोलून झाल्यावर, नुसत्या नावाच्या नादावर कुणी इतकं तरंगलं हे ऐकून मुलं चकित होतात.

पारिजातक

देवनागर सर, हे भन्नाट आहे. धागा वसूल!

उत्तरा

देवनागर, मनापासून आभार. ही कविता मी वाचली होती, पण हामेरिकच्या भाषांतराशी कधी जोडून पाहिली नव्हती. ती इथल्या लोकांची आवडती आहे अजून.

रेषा

मी चित्रकलेची विद्यार्थिनी होते, आता शिकवते. मूळ प्रश्नाकडे वळते, कारण तो मला छळतोय.

डेन्मार्कमध्ये सागरी चित्रांची परंपरा कडक होती. चित्रकार एकर्सबर्गने (1783–1853) ती घालून दिली: क्षितिज कुठे, जहाज किती कोनात कललंय, वारा कुठून येतोय आणि मग शीड कुठल्या बाजूला फुगणार, दोर ताणलेला की सैल, हे सगळं बरोबर आलंच पाहिजे. खलाशाने चित्र बघून चूक काढता कामा नये. सोरेन्सेनकडे शिकलेल्या ड्राकमानवर हेच संस्कार. म्हणजे समुद्राकडे बघायचं ते वाऱ्याची दिशा विचारत.

आता अशा नजरेने तयार झालेला माणूस लाटेसमोर बसला की काय होतं? लाट रंगवताना तुम्हाला एक क्षण निवडावा लागतो. फुटायच्या आधीचा, जेव्हा कड्यातून उजेड हिरवा दिसतो, की फुटतानाचा, की फेस मागे सरकतानाचा. निवडला की बाकीचे गेले. ओळीत ते तिन्ही येतात, पाठोपाठ, आणि ओळ परत मागे ओढतासुद्धा येते. 'समुद्रकाठची गाणी'तल्या कवितांत ओळींची लांबी सारखी नाही, छंद मोकळा सोडलेला आहे असं वाचलंय. मला वाटतं, चित्रात जे मावत नव्हतं ते त्याला तिथे मिळालं. उत्तराताई म्हणतात तसं चित्रकला कवितेत शिरली हे खरं, पण ती शिरली कारण चित्रात त्याची अडचण होत होती.

शाईवाला

रेषा, हा धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

धूळपाटी

आपल्याकडे अरुण कोलटकर जे. जे. मधून निघाले, जाहिरातीच्या जगात दृश्यकलेवर पोट भरलं आणि कविता लिहिल्या. दिलीप चित्रे चित्रं काढायचे. त्यांच्या ओळीतही वस्तू कशी ठेवलीय, उजेड कुठून येतोय हे दिसतं. त्यामुळे रेषा यांचं म्हणणं पटतं. फक्त कोलटकरांच्या कवितेत शब्द काटकसरीचे, आणि ड्राकमान इथल्या वर्णनावरून तरी उधळा वाटतो.

उत्तरा

धूळपाटी, उधळा होताच. खूप लिहिलं त्याने, शिवाय बायरनचं 'डॉन जुआन' हे अवाढव्य काव्य डॅनिशमध्ये आणलं. सगळं टिकलेलं नाही, टिकायला नकोही.

रेषा, तुझ्या म्हणण्यातलं अर्धं मला पटलं, अर्धं नाही. अडचण होत होती म्हणून तो कवितेकडे वळला, हे मान्य. पण ब्रश त्याने खाली ठेवला नाही. 1902 मध्ये त्याने स्कागेनला एक घर घेतलं, 'व्हिला पॅक्स'. शेवटची वर्षं तिथे काढली आणि तिथे रंगवत होता. 1908 मध्ये तो गेला आणि 1911 पासून ते घर लोकांसाठी खुलं आहे. मी ते पाहिलंय. त्याची समुद्राची चित्रं मित्रांच्या चित्रांबरोबर लावलेली आहेत. स्कागेनचाच चित्रकार क्रोयर, त्याच्या चित्रांत उजेड नाचतो, तो संध्याकाळचा निळा तास, ती ओली वाळू. ड्राकमानची चित्रं शेजारी जड वाटतात. आभाळ खाली आलेलं, पाणी करडं-हिरवं, किनारा अरुंद. बघणाऱ्याला खूश करायचा प्रयत्नच नाही. मी बराच वेळ तिथे उभी राहिले ती याच कारणाने: कवितेत टाळ्या घेणारा हा माणूस चित्रात एकटा आहे. जुनाजाणता, तुमच्या आक्षेपाला माझं उत्तर कदाचित या चित्रांत आहे. त्याची मतं बदलली, गोट बदलले, पण समुद्राकडे बघण्याची पद्धत सोरेन्सेनच्या वर्गातलीच राहिली.

रेषा

उत्तराताई, हे मला माहीत नव्हतं. मग माझं वाक्य बदलते: जे लोकांना ऐकवायचं ते कवितेत गेलं आणि जे स्वतःला बघायचं होतं ते चित्रात राहिलं. चित्रांचे फोटो टाकाल का?

जुनाजाणता

माझा आक्षेप कायम आहे, पण चित्रं बघायला आवडेल.

पारिजातक

उत्तरा, कबरीचं राहिलं. वाळूत म्हणजे खरंच वाळूत?

उत्तरा

खरंच वाळूत. ग्रेनेन या टोकाजवळच्या टेकाडांत, गवत वाढलेल्या वाळूच्या ढिगात दगडी दार बसवलंय. कबरीचा आराखडा क्रोयरचा. ड्राकमान जायच्या दोन वर्षं आधी, 1906 मध्ये, क्रोयरने स्कागेनच्या किनाऱ्यावरच्या सांक्ट हान्सच्या जाळाचं मोठं चित्र पुरं केलं होतं, त्या गर्दीत ड्राकमानही आहे. पुढे 1909 मध्ये क्रोयरही गेला. तिकडे जायचं असेल तर वारा फार असतो, कान झाकून जा. टोकावर एक पाय एका समुद्रात आणि दुसरा दुसऱ्यात ठेवून सगळे फोटो काढतात. पण पोहायला बंदी आहे, दोन प्रवाह भेटतात तिथे पाण्याची ओढ जबरदस्त असते.

रानवारा

चालायचं नसेल तर ट्रॅक्टरने ओढलेली बस आहे टोकापर्यंत, 'सांडॉर्मेन'. मुलांना ती कबरीपेक्षा जास्त आवडते, असा अनुभव आहे.

कोळीवाडा

उत्तराताई, 'लार्स क्रुसे' मराठीत आणा. एक प्रकरण तरी. मी डॅनिश वाचू शकत नाही, पण होडी लोटायचं, वल्ह्याचं, लाट मोजून शिरायचं जे काही असेल त्याला आमच्याकडचे शब्द मी देईन. नाहीतर पुस्तकी मराठीत सगळं 'नौका' आणि 'तरंग' होऊन बसतं.

उत्तरा

कोळीवाडा, तुम्ही सोबत असाल तर नक्की करते. पुस्तक लहान आहे आणि जुनं असल्यामुळे हक्कांचा प्रश्न नाही. 'डाफ्ने'च्या प्रसंगापासून सुरू करते. पहिला प्रश्न आत्ताच विचारते: फुटत्या लाटांच्या पट्ट्यातून होडी बाहेर काढताना पुढे उभा राहून लाट बघणारा जो असतो, त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?

कोळीवाडा

वडिलांना विचारून सांगतो. ते जुन्या होड्यांवर होते, आम्ही इंजिनवाले. त्यांचे शब्द वेगळे आहेत. रविवारी लिहून काढतो सगळे.

मुक्ता_वाचते

मलाही घ्या या कामात. मुद्रितशोधन करीन. आणि त्यानंतर एर्ना.